'गुढियारी' या नावाबाबत

मी, नरहर यशवंतराव मोघे, वय ७१, राहणार सदर बाजार, रायपूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर मुलगी ज्ञानदा हिला. रेडिओ दुरुस्तीची हत्यारे शेजारी सुशील यांना. त्यांनी ती गंजू देऊ नयेत.

२. भाचा पराग यास काही नाही. कारण लिहितो. संकेतस्थळांची नावे नोंदवणाऱ्या एका कंपनीत मी अधिकारी होतो. मोहल्ल्यांची नावे राखीव होती. २०१९ मध्ये ती खुली झाली, तेव्हा स्थानिक संस्थांना आधी द्यायची असा नियम होता. 'गुढियारी' या रायपूरच्या मोहल्ल्याच्या नावासाठी पहिला अर्ज कांताबाई रामटेके यांचा. त्यांचा मुलगा प्रशिक बेपत्ता होता. हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी संस्था त्यांनीच काढली होती. परागला प्लॉट विकण्यासाठी तेच नाव हवे होते. मी बाईंचा अर्ज 'सही अस्पष्ट' असा शेरा मारून अडवला आणि नाव परागला दिले.

बाई ऑफिसात आल्या. "भैया, पहिला नंबर आमचा होता. पत्ता छापून पत्रकं वाटून बसली मी. आता काहून नाही म्हणता?"

"नियमानं झालं, बाई," मी म्हणालो.

परागचा धंदा वर्षभरात बसला. ते नाव त्याने माझ्या नावे करून दिले. बाईंच्या पत्रकांवरचा ईमेलचा पत्ता याच नावाचा होता, त्यामुळे लोकांचे ईमेल माझ्याकडे येतच राहिले. मी उघडत नसे. एकदा उघडले. बिलासपूरच्या एका दवाखान्यातील नर्सने लिहिले होते, प्रशिक नावाचा माणूस भरती आहे, आई गुढियारीत असते म्हणतो, लवकर या. ते येऊन एकोणीस दिवस झाले होते. मी फोन केला. तो गेला होता. बेवारस म्हणून सगळे उरकले होते.

बाईंना मी सांगितले नाही. तेव्हापासून रोज सकाळी तो ईमेल उघडतो. दर वेळी वाटते, आज तारीख वेगळी दिसेल.

३. 'गुढियारी' हे नाव आणि तो ईमेल माझ्या मृत्यूनंतर कांताबाईंना द्यावा. (हे कलम रद्द. न. य. मोघे.) मसुदा वाचून ज्ञानदा म्हणाली, "बाबा, आपके मरने तक वो दरवाज़ा देखती रहेंगी क्या?"

४. आज नाव बाईंच्या नावे करून दिले आणि ईमेलची छापील प्रत घेऊन गुढियारीत गेलो. सगळे सांगितले. त्यांनी कागद दोनदा वाचला. ओरडल्या नाहीत.

"शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का, भैया?"

फोनवर मी ते विचारलेच नव्हते.

वरील मजकूर आम्हां दोघांना वाचून दाखवून नरहर मोघे यांनी आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार: चेतना देवपुजारी, यशोधन भाकरे
रायपूर, ९ जानेवारी २०२५