सावंतवहिनींच्या हाती दिलेलं पत्रक

१२ डिसेंबर १९५७, ठाकूरद्वार

महाराजांच्या मंडपाबाहेर आज पत्रकं वाटली. मजकूर माझाच: ‘महाराज मेलेल्यांशी बोलतात, पण त्याआधी जिवंतांच्या खिशाशी!’ लोक हसले, मीही खुशीत. तेवढ्यात आमच्या चाळीतल्या सावंतवहिनी आल्या. त्यांचा दिनू संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात गेला. त्यांनी ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं.

“भावोजी, म्हंजे दर गुरवारी माझ्याशी बोलायचा, तो आमचा दिनू नव्हता?”

“नव्हता.”

खोटं कसं बोलणार? पण इतक्या तडफेनं?

वहिनी आत न जाता घरी परतल्या. बरोबरचे जोशीमास्तर खूश. “बघा, एक तरी सुटली!”

सुटली? ते बोट अजून दिसतंय. गोळीबाराच्या संध्याकाळीही दिनूची बातमी त्यांना मीच सांगितली होती.