कागदावर नसलेली खोली

बिश्केक,
४ सप्टेंबर २००४

ती. बुरुल एजे हिस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या डोळ्यांचे कागद मोठ्या डॉक्टरांना दाखवले. डावा गेलाच आहे, त्याचा नाद सोडा म्हणाले. उजव्याच्या काचबिंदूचं ऑपरेशन ऑक्टोबर संपायच्या आत झालं, तर आहे तेवढी नजर टिकेल. त्यानंतर कुणाच्या हातात काही नाही. घर गहाण ठेवलं की पैसे बँक देईल, पण आधी त्यांचा माणूस येऊन घराची किंमत ठरवणार. त्याच्याकडे मोठी रांग आहे. रोज बँकेत जाऊन बसलो, तेव्हा कुठे वीस तारीख मिळाली.

त्या दिवशी काम झटपट उरकावं म्हणून एवढं कर. सगळ्या किल्ल्या हाताशी ठेव, कुत्रं बांध, घराचा कागद पेटीतून आधीच काढून ठेव. आणि पाहुणा आला म्हणून मेंढी कापू नका. बाबांनी त्याला एकदा जेवायला बसवलं की तो संध्याकाळीच उठेल आणि मोजणी राहील बाजूला. चहा आणि तळलेले बोरसोक पुरे.

डोळ्यांत घालायचे थेंब मिनीबसवाल्याबरोबर पाठवले आहेत. माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा धाकटा भाऊ,
तेमिर


अत-बाशी,
९ सप्टेंबर

चि. तेमिरला बुरुलचे अनेक आशीर्वाद.

थेंब मिळाले. शहरात जाऊन पाहुण्याला उपाशी धाडायला शिकलास, हे बाबांना सांगितलं. असला मुलगा आपला नव्हेच, दवाखान्यात बदलला असेल म्हणाले. तब्येत तशी बरी आहे. परवा समोवारचं पाणी स्वतःच्या बुटात ओतलं आणि सगळ्यांत जास्त तेच हसले. मला काही हसू आलं नाही.

एक अडचण आहे. कागदावर आपलं घर तीन खोल्यांचं आहे. आई गेली त्या वर्षी बाबांनी बागेच्या बाजूला स्वतःसाठी चौथी बांधली, तिची नोंद कुणी केलीच नाही. आता काय करायचं ते लवकर कळव.

स्वतः जेवत जा.

तुझी,
बुरुल


बिश्केक,
१२ सप्टेंबर

ती. एजे,
सा. न.

माझी टॅक्सी दारात उभी आहे, आत गिऱ्हाईक बसलंय, घाईत लिहितोय. बँकेतल्या मुलीला विचारलं. कागद एक आणि घर भलतंच असं दिसलं की फाइल परत येते आणि महिना फुकट जातो, असं ती म्हणाली. एवढा महिना आपल्याकडे नाही. तेव्हा वीस तारखेच्या आत काहीही करून दोन्ही जुळवून ठेव. बाबांना विचार, सरकारी तपासण्यांत त्यांचं आयुष्य गेलंय.

चूकभूल पोटात घाल.

तेमिर


अत-बाशी,
२१ सप्टेंबर

चि. तेमिर,
अ. आ.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तिथंच माझं चुकलं.

मी नोंद करायला नारीनला गेले. दोन दिवस कचेरीच्या बाकावर बसले, पण नोंदीची बाई रजेवर होती. इकडे बाबांनी त्यांच्या पद्धतीनं काम उरकलं. सामुदायिक शेतावर ते कळपाचे मोजणीदार होते ना! तपासणी यायची, कागदावर शंभर मेंढ्या आणि कुरणात एकशे तीन. तेव्हा कागदाला कुणी हात लावायचं नाही. तीन मेंढ्या खाऊन टाकायच्या. शिक्क्याचा कागद बदलायला गेलं की दहा प्रश्न निघतात, मेंढ्यांबद्दल कुणी विचारत नाही, असं त्यांनी मला समजावलं.

त्यांनी शेजाऱ्यांना हाका घालून आशार बोलावला. अकरा वर्षांपूर्वी ज्या शेजाऱ्यांनी जमून ती खोली उभी केली, त्यांनीच जमून पाडली. शेजारचा जुमाकान सांगत होता, मी म्हाताऱ्याला तीनदा विचारलं, नक्की ना? तर म्हणाले, पोराचं काम अडलंय, तू तोंड बंद ठेव आणि हात चालव. मेंढी कापलीच, पण ती शेजाऱ्यांसाठी. मी परत आले तेव्हा बागेच्या बाजूला फुटलेल्या मातीच्या विटांचा ढीग होता आणि बाबा धुळीनं पांढरे झालेले, खूश होऊन बसले होते.

काल बँकेचा माणूस आला. वीस मिनिटांत उठला. इतकं झटपट काम या भागात कुठंच झालं नाही म्हणाला. जाताना त्यानं ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, मी सांगितलं. खोली असती तर वेगळ्या रकान्यात लिहिली असती आणि नोंद मागाहून चालली असती, असं म्हणाला. भला माणूस होता, त्याला धड चहाही पिता आला नाही.

तुझी,
बुरुल


बिश्केक,
२ ऑक्टोबर

ती. एजे,
सा. न. वि. वि.

बँकेचा आकडा आला. तीन खोल्यांवर मिळतंय त्यातून ऑपरेशन होत नाही. खोली पुन्हा उभी राहिली तर नवी मोजणी करू म्हणतात, पण थंडीत कच्च्या विटा वाळणार कधी? मे उजाडेल. गाडी विकायला काढली, गिअरची खरखर ऐकून गिऱ्हाईक परत जातं. डॉक्टरांना भेटलो. ते ओरडलेसुद्धा नाहीत, नुसती तारीख पुन्हा सांगितली.

कचेरीत कुणाला भेटायचं, काय म्हणायचं, हे मी चार ओळींत लिहायला हवं होतं. गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं म्हणून लिहिलं नाही. बाबांना यातलं काही सांगू नकोस. मला क्षमा कर.

तेमिर


अत-बाशी,
२६ ऑक्टोबर

चि. तेमिर,
अनेक आशीर्वाद.

बाबांना काही सांगितलेलं नाही. कागद बिनचूक निघाला ना, एवढंच विचारतात. मी हो म्हणते. मग ते शेजाऱ्यांना सांगतात, माझा तेमिर सगळं बघतोय. तू स्वतःला खाऊ नकोस, मला तुम्हा दोघांची काळजी करणं झेपत नाही.

उजवा डोळाही आता फक्त खिडकी ओळखतो. एक गोष्ट आधी माझ्या लक्षात आली नव्हती, म्हणून लिहिते. त्या खोलीत बाबांना डोळ्यांची गरजच लागत नव्हती. वीट न् वीट त्यांच्या हाताखालून गेलेली. उरलेल्या तीन खोल्यांत ते दारांना धडकतात, कपाळ फुटतं. रोज सकाळी उठून पाय आपोआप तिकडे वळतात. बारा पावलं मोजून थांबतात आणि कडी काढायला हात वर करतात. तिथं काही नसतं. मी जाऊन तो हात धरते आणि त्यांना आत आणते.

जमेल तेव्हा ये. रिकाम्या हातानं आलास तरी चालेल.

तुझी,
बुरुल