पांढरा कोपरा

२ एप्रिल

तक्रार विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनो! दिवसभर आपण गावाची गाऱ्हाणी ऐकतो — पाणी आलं नाही, दिवा लागत नाही, गटार तुंबलं. आणि आपण? आपण पत्र्याखाली विटांसारखे भाजून निघतो, आणि आपलं गाऱ्हाणं घ्यायला एकही खिडकी नाही!

— हे आज साहेबांच्या खोलीत म्हटलं. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला म्हणे. दोन क्रांत्यांचे दाखले दिले, तिसरीकडे वळले होते. साहेबांनी शांतपणे ऐकलं. त्यांना ऐकायला काय जातं! त्यांची खोली मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. वर पक्का स्लॅब, खिडकीबाहेर डेरेदार झाड. खोलीत एक साहेब आणि चार लग्नांची वऱ्हाडं बसतील एवढी मोकळी जागा.

"बाई, बोलता छान," ते म्हणाले. "पण उकडतं हे तुमचं मत झालं. पुरावा काय?"

पुरावा! चिमणीला — आमच्या विभागातली सगळ्यात धाकटी — सातवा महिना आहे. तिचं टेबल आमच्या हॉलच्या अगदी कोपऱ्यात, पत्रा सगळ्यात खाली उतरतो तिथे. जिन्यात म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी बजावलंय. महिनाअखेरपर्यंत जागा बदलली नाही तर नोकरी सोडते." म्हणजे बाळंतपणाची रजाही गेली. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं.

हे मी होऊ देणार नाही. इथे लिहून ठेवते.

४ एप्रिल

शाळेच्या प्रयोगशाळेतून तापमापक मागून आणले. मजलाभर टेबलाटेबलावर ठेवले. शिपाई म्हणाला, "टेबलांना ताप आलाय का, बाई?" म्हटलं, "हो, आणि साथ आहे. हात धुऊन घे." साहेबांच्या खोलीत काट्याचा गोल तापमापक टांगला. त्याच्याकडे बघून साहेब म्हणाले, "अरे! एवढ्यात जेवायची वेळ झाली?" — आणि डबा उघडला.

त्यांच्याकडे सत्तावीस. चिमणीच्या कोपऱ्यात एक्केचाळीस. एकाच मजल्यावर दोन ऋतू!

५ एप्रिल

आकड्यांचा तक्ता साहेबांपुढे ठेवला. "एवढे आकडे कोण वाचणार? चित्र आणा. रंगीत."

भाचीला फोन केला. ती नोकरीत समुद्राच्या तापमानाचे नकाशे काढते. "सोपं आहे, मावशी. भूगोलाच्या पुस्तकात डोंगराच्या समोच्चरेषा असायच्या ना? तसंच. सारख्या तापमानाच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आणि दोन रेषांच्या मध्ये रंग. एक लायब्ररी आहे, ती सगळं काढते."

लायब्ररी म्हटल्यावर हुरूप आला. अर्धं आयुष्य तिथेच गेलंय. पण ही पुस्तकांची नव्हे — दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांची. असू दे. वाचून कळत नाही असं जगात काय आहे?

६ एप्रिल, रविवार

हे आहे!

सकाळपासून दहा ओळींचा प्रोग्राम, आणि उत्तर एकच — आकार जुळत नाहीत. मी समजावलं, दटावलं, शेवटी त्याच्या विवेकाला आवाहन केलं. ढिम्म! यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, कुणाशी भांडतेयस?"

"संगणकाशी."

"चालू दे, चालू दे. मला तेवढीच विश्रांती."

घोडं अडलं होतं एका टेबलापाशी. त्याचा आकडा लिहायचाच राहिला होता. सभेत एक मुद्दा गाळला तर कुणाच्या बापाला कळत नाही. इथे लगेच पकडतात.

दुपारी चित्र आलं. आलं! फक्त साहेबांची खोली लालबुंद आणि आम्ही थंडगार निळे. क्षणभर वाटलं, असंच न्यावं. भाची हसून बेजार. "मावशी, मजला उलटा झालाय. तू ओळी वरून खाली लिहिल्यास, ती खालून वर मांडते." क्रांती करावी तर अशी — एका ओळीत खालचे वर!

सुलटा केला. नाइलाजाने.

७ एप्रिल

रंगांवरून भाचीशी जुंपली. मला सगळंच लाल हवं होतं — फिकट लाल, लाल, रक्तासारखं लाल. ती म्हणते, "सगळंच लाल केलंस तर आग कुठे जास्त ते कसं दिसणार? तुझ्या भाषणांचं हेच होतं, मावशी." कार्टी! पण ऐकलं. निळ्यापासून पिवळ्यावरून लालपर्यंत.

रंग कुठल्या आकड्याला बदलायचा ते टप्पे मात्र माझे मी लिहिले. सव्वीसपासून दोन-दोनने अडतीसपर्यंत. अडतीसच्या वर माणसाला कामाला बसवतात हे लिहायला हातच धजेना.

आणि काय चित्र उतरलं! निळं, पिवळं, नारिंगी, लाल — आणि चिमणीच्या कोपऱ्यात लख्ख पांढरा डाग. लोखंड तापता तापता शेवटी पांढरं होतं, हे त्या लायब्ररीला ठाऊक! कोण म्हणतं यंत्राला काव्य कळत नाही?

यांना दाखवलं. "शाई संपली असेल," म्हणाले. तीस वर्षं संसार केला या माणसाशी.

९ एप्रिल

साहेबांनी चित्र हातात घेतलं. जवळ धरलं, लांब धरलं. मी घसा खाकरून तयार होते.

"म्हणजे माझी खोली निळी. थोडी थंड, ठीक आहे. आणि हा तुमचा कोपरा — पांढरा? बर्फच की हो!"

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "थांबा बाई. इतकी वर्षं सगळ्यात गार जागा तुम्ही दाबून बसलात, आणि वर भाषणं? मंगळवारपासून माझं टेबल त्या कोपऱ्यात. तुम्ही सहाही जण इकडे या. बघू किती उकडतं ते!"

तयार भाषण तसंच परत घेऊन निघाले. असं आजवर झालेलं नाही. बाहेर आले तर चिमणी रडत होती — आनंदाने. माझा हात सोडेना.

१० एप्रिल

भाची: "पांढरा म्हणजे तापलेलं लोखंड?! मावशी, तुझा शेवटचा टप्पा अडतीस. त्याच्या पलीकडचं काही ती रंगवतच नाही, जागा कोरी सोडते. पांढरा म्हणजे नुसता कागद. 'वरचंही रंगव' असं तिला वेगळं सांगावं लागतं."

म्हणजे सगळ्यात जास्त होरपळणारी जागाच कोरी! यावर एक भाषण होईल. दोन होतील.

पण साहेबांना सांगायचं का? हे म्हणाले, "अगं, जन्मात एकदा गप्प बस. पोरगी सावलीत जातेय." खरं आहे. पण ज्या तोंडाने मी आयुष्यभर लोकांना सत्य सांगा, सत्य सांगा म्हणून पिडलं, ते तोंड आता शिवून घेऊ? आणि साहेबांचंही वय झालंय. रक्तदाब आहे त्यांना.

जेवण गेलं नाही.

११ एप्रिल

सांगितलं.

सुधारलेलं चित्र नेलं. कोपरा आता काळपट लाल. म्हटलं, "साहेब, चूक माझी. तो कोपरा थंड नाही, तिथे भट्टी आहे. खोली द्या, पण तुम्ही तिथे बसू नका."

साहेब हसले. खुर्ची मागे रेलून हसले. "बाई! जागा सोडवत नाही म्हणून रंग बदलून आणलात? पहिलं चित्र विज्ञान. हे राजकारण."

जन्मभर खोटारड्यांशी भांडले. खरं बोलून खोटी ठरण्याची ही पहिलीच वेळ. बाहेर येऊन इतकी हसले की शिपायाने पाणी आणून दिलं.

१५ एप्रिल

स्थलांतर झालं. चिमणीचं टेबल झाडाकडच्या खिडकीशी. दुपारी पाय स्टुलावर ठेवून बसली होती. म्हणाली, "ताई, आज बाळ शांत आहे." मला काहीतरी ऐतिहासिक बोलावंसं वाटलं. आवरलं.

१७ एप्रिल

साहेब कोपऱ्यात. मानेवर ओला टॉवेल, शर्टाची दोन बटणं उघडी, पहिलं चित्र भिंतीवर चिकटवलेलं. शिपाई म्हणाला, "साहेब, उकडतंय का?" — "छे! मस्त गारवा आहे. तू पंखा आण. नाही, दोन आण."

मी परत सांगायला गेले. टॉवेल पिळत म्हणाले, "तुमचा डाव कळतो मला."

२१ एप्रिल

साहेबांना भोवळ आली. शिपाई आणि मी धरून खाली आणलं. रक्तदाब वाढलाय, बाकी ठीक. गाडीत बसताना माझ्याकडे बघून पुटपुटले, "ते दुसरं चित्र... आहे का तुमच्याकडे?"

दिलं.

२४ एप्रिल

फलकावर नोटीस, साहेबांच्या सहीची: 'आधीचा नकाशा सदोष आढळल्याने रद्द. सुधारित नकाशा ग्राह्य धरून सर्वांनी उद्यापासून आपापल्या मूळ जागी बसावे.' म्हणजे कोपऱ्यात एक्केचाळीस आहे हे लेखी मान्य — आणि म्हणून चिमणीने तिथे बसावं!

भाषण केलं नाही. पाचही जणांना एवढंच सांगितलं: उद्या साहेबांच्या आधी या, झाडाकडच्या खिडकीशी चिमणीच्या टेबलाभोवती खुर्च्या मांडा, आणि कुणीही आलं तरी उठू नका.