मूळ पूर्वेला, शेंडा उत्तरेला

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे आणि मामींचा राग कसा आहे? (दोन्ही दुखणी जुनी, म्हणून एकत्र विचारली.) तुमच्या लेकीची तक्रार तिच्या तोंडून येण्याआधी माझ्याकडून पोचावी, म्हणून घाईने लिहितो.

राज्याने रस्त्यांचे विभाग पाडले तेव्हा नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. अलीकडचा रस्ता पूर्व विभागाचा, म्हणजे माझा. पलीकडचा उत्तर विभागाचा, म्हणजे ताईचा. खड्डे, डांबर, रोलर सगळे वेगळे. दोघे इंजिनिअर मामे-आत्तेभावंडे, तेव्हा भांडणार नाहीत, असे सरकारला वाटले असावे. (आपल्या घराण्याचा अभ्यास कच्चा.)

परवाच्या वादळात सीमेच्या दगडापाशी एक झाड रस्त्यावर तिरके आडवे झाले. बुंधा माझ्याकडे, शेंडा तिच्याकडे. मी दगडापर्यंत कापून यांत्रिक करवत थांबवली. पूर्वेचे पेट्रोल उत्तरेत जाळले तर जाब कोण देणार? ताईने निरोप धाडला की मूळ पूर्वेत, म्हणून झाड सबंध पूर्वेचे. मी कळवले, जे ज्याच्या दारात पडले ते त्याने उचलावे. तोवर दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली. बसमधल्या एक आजी उतरून मला वाटेल ते बोलल्या, मग फांद्यांतून पलीकडे जाऊन ताईलाही तेच बोलल्या. (विभाग वगैरे त्यांनी मानलेच नाहीत.)

रांगेतल्या एका मोटारीत नेमके दोन्ही विभागांचे मोठे साहेब निघाले. रस्ता कोणाचा, म्हणून त्यांनी विचारले. मी ताईकडे बोट दाखवले, तिने माझ्याकडे. साहेब मोटारीतून उतरले. मग म्हणाले, "धरा." एक टोक मी धरले, एक तिने, आणि सगळ्या बसच्या देखत आम्ही फांद्या ओढल्या. रस्ता मोकळा झाला. मला वाटले, मिटले.

आज हुकूम आला. दगडापासून पुढच्या पुलापर्यंतचा माझा रस्ता उत्तर विभागात गेला. रस्त्याबरोबर मीही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. : थोडक्यात, ताई आता माझी साहेब. ओढाओढीत माझी कंबर धरली आहे. आठवड्याची रजा मागितली, तर ती अर्जाकडे बघतही नाही. तुमचा शब्द ती मोडणार नाही. एवढे बोलाच.

ता.क. २ : कंबर तशी बरी आहे. मित्रांबरोबर मासे धरायला जायचे ठरले आहे. हे आपल्यातच ठेवा.

ता.क. ३ (बाबा, हे अक्षर तुमच्या लेकीचे) : कार्यालयाचे टपाल माझ्या टेबलावरून जाते, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही. रजा मंजूर केली आहे. कंबर बरी असल्याचे त्याच्या घरी वहिनीलाही कळवले. त्यांचा माळा आवरायचा राहिलाच होता.