पॉलिशच्या गाळ्यातील बर्था

कामण

आदरणीय मेव्हणे ज्युलियस यांसी आलोशियसचा ख्रिस्तात सप्रेम नमस्कार. आपले गुडघे व आगाशीची केळीची वाडी सुखरूप असावी, ही प्रभुचरणी प्रार्थना. येथे आमची प्रकृती उत्तम आहे, असे मी गेल्या पत्रात लिहिले होते. ते वाक्य मागे घेत आहे.

आपणांस ठाऊकच आहे की, चि. जॅक्सन येथे गाळ्यात कपाटांना पॉलिश करतो. दुपारी देखरेखीस मी तेथे खुर्ची टाकून बसतो (देखरेखीची गरज नाही असे तो म्हणतो, परंतु त्याला विचारले कोणी?). ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडकी खिळे ठोकून बंद ठेवण्याचा नियम माझाच. जॅक्सनने थिनर कालवून फवारा सुरू केला की, माझ्या पायांखालची जमीन मऊ होई. गाळ्यात मधाच्या रंगाचे ऊन साचे (बंद खिडकीतून ते कोठून आले, हा प्रश्न मला सुचलाच नाही). त्या उन्हात आपली भगिनी, आमची कै. बर्था, कपाटाच्या दारातून येऊन स्टुलावर बसे. अंबाड्यात फुले, मुखावर लग्नाच्या दिवसाचे तेज. एक शब्द बोलत नसे. (येथेच मला शंका यावयास हवी होती.)

सायंकाळी डोके ठणके, अन्न नको होई. तो मी विरह समजलो. सूनबाई शर्लीने ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी विचारले, "आजोबा, दिवसभर बसता कुठे? बाहेर आल्यावर बरं वाटतं का?" मी म्हणालो, "बाहेर आलं की बायको जाते." त्या हसल्या नाहीत. थिनरची वाफ श्वासावाटे मेंदूपर्यंत जाते, आज गुंगी येते, वर्षानुवर्षे घेतल्यास कायमचे नुकसान होते, असे त्यांनी समजाविले. मी ठणकाविले की, मला तर आता वासही येत नाही. "तेच वाईट," त्या म्हणाल्या.

मी ऐकले नाही. परंतु मंगळवारी जॅक्सन फवारता फवारता थांबला, त्याच स्टुलाकडे पाहून मंद हसला व म्हणाला, "आई, चहा टाक ना गं."

ज्युलियसराव, मी म्हातारा. मला ती भेटावयास आली, तर ते रीतीस धरून आहे. त्याने एवढ्यात तिच्या हातचा चहा मागू नये. मी खिडकीचे खिळे उपटले, त्याला दंडाला धरून बाहेर आणले. वारा आत शिरला आणि स्टूल रिकामे झाले.

आता वाफ बाहेर फेकणारा पंखा बसविला आहे. माझी खुर्ची चिंचेखाली आहे. तेथून बर्था दिसत नाही, भिवंडीचे ट्रक दिसतात. लोभ आहेच, तो मोकळ्या हवेत वाढो.

आपला,
आलोशियस

ता. क. पत्राचे खरे कारण राहिले. जॅक्सन तोंडाला रुमाल बांधतो. त्यातून वाफ खुशाल जाते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला, दोन्ही बाजूंस गाळण्या असलेला मास्क खिळ्याला टांगलेला आहे. बापाचे तो ऐकत नाही. मामापुढे अजून चळाचळा कापतो. रविवारी मिस्सा आटोपताच यावे.

आणखी ता. क. काल चिंचेखाली, चांगल्या वाऱ्यात, डोके स्वच्छ असताना बर्था आली. या वेळी बोलली. उघड्या खिडकीमुळे कपाटांवर धूळ बसते, म्हणून पुष्कळ बोलली. तेव्हा ही खरी असावी. डॉक्टरीणबाईंस कळवू नये. आपण नेहमी उशिरा येता, असेही म्हणाली.