आकडा आतल्या बाजूला

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

विकायचा नाही. नाही म्हणजे नाही!

जोलीनने आम्हाला न विचारता ट्रेलरची जाहिरात टाकून दिली. पोटची मुलगी! बाबांचा परवाना ऑगस्टमध्ये गेला, डोळे काही परत यायचे नाहीत, मग ते गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर अंगणात उभं करून काय करणार, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मी चालवीन. ती फोनवर हळूच म्हणाली, "आई, मागचं आठवतंय ना?"

आठवतंय. मला विसरू दिलंय कोणी?

जानेवारी २०२०. दर हिवाळ्यासारखे ॲरिझोनाला निघालो होतो. ट्युकमकेरी गावाच्या अलीकडे तिच्या बाबांची, वेंडेलची पाठ धरली, म्हणून चाळीस मैल मी चालवलं. या सहलींच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि ट्रेलरचा मागचा उजवा टायर फुटला. खालची फळी फाटली, पाण्याचा पाइप तुटला, आम्ही वाचलो. तेव्हापासून वेंडेल ही गोष्ट चर्चच्या कॉफीला सांगतो, थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसोबत सांगतो, केस कापताना न्हाव्यालाही सांगतो. शेवट ठरलेला. "मी ओरडतोय, ब्रेक लाव, ब्रेक लाव! पण बाई ऐकेल तर शपथ." सगळे हसतात. मीही हसते.

आधी ती महामारी, मग त्याचा गुडघा, आता डोळे. दुरुस्त करून अंगणात लावलेला ट्रेलर तेव्हापासून जागचा हलला नाही. मीही नाही.

५ ऑक्टोबर

गिऱ्हाईक आलं. त्याने चाकांना दोन लाथा मारल्या आणि म्हणाला, रबर तर नवं दिसतंय. वेंडेल खूश. "नवंच आहे. अठरा साली घेतलेत, चाललेत कुठे?" मी त्या माणसाला कॉफी पाजून वाटेला लावलं. वेंडेल दिवसभर फुगून बसला आहे. बसू दे.

८ ऑक्टोबर

एल्डनला फोन केला. गावात टायर तोच बसवतो, चाळीस वर्षं. म्हटलं, ट्रेलरला नवे टायर हवेत, ॲरिझोनापर्यंत जायचंय, चालवणार मी. तो हसला नाही. हसला असता तर फोन ठेवला असता.

म्हणाला, दोन गोष्टी आण. एक, भरलेल्या ट्रेलरचं वजन. दोन, जुन्या टायरवरचे चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. त्या आठवड्यात टायर कारखान्यातून निघाला. नक्षी कितीही खोल दिसो, रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. सहा वर्षांपुढे त्याच्यावर विसंबायचं नाही.

वेंडेल स्वयंपाकघरातून ओरडला, कशाला एवढं, मोटारीचे टायर लाव, निम्म्यात काम होतं! एल्डनला ते ऐकू गेलं. तो म्हणाला, मोटारीच्या टायरचं अंग मऊ असतं, वर ट्रेलर डुलत राहील. ट्रेलरचे टायर वेगळे. वेंडेलला हे ठाऊक नाही? त्याला सगळं ठाऊक असतं. मी निघू नये, एवढंच त्याला हवंय.

९ ऑक्टोबर

वजन केलं! मक्याची कापणी चालू आहे, धान्याच्या कोठारापाशी वजनकाट्याला ही रांग. पुढे मक्याचा ट्रक, मागे मक्याचा ट्रक, मध्ये मी आणि आमचं घर. पाण्याची टाकी भरलेली, कपाटात डबे, पलंगावर गोधड्या, सगळं निघायच्या दिवशी असतं तसं. काट्यावरच्या माणसाने विचारलं, डोरीन, यात कुठलं पीक? मी म्हटलं, म्हातारपण. वजन लिहून घेतलं आणि सहा गल्ल्या फिरून ट्रेलर घरी आणला. कुठे घासला नाही!

१० ऑक्टोबर

चार आकडे काही सापडेनात. बाहेरच्या बाजूला नुसती कंपनीची अक्षरं. एल्डन म्हणाला, मग आत असतील, खाली शिरावं लागेल. एकाहत्तराव्या वर्षी पाठीवर सरपटत खाली गेले. विजेरी, चष्मा, तोंडात माती.

१४११.

तिन्ही जुन्या टायरांवर तेच. चौथा फुटला, त्याच्या जागी जादाचं चाक आहे.

चौदावा आठवडा, दोन हजार अकरा.

अठरा साली "नवे" घेतलेले टायर सात वर्षांचे होते. फुटला तेव्हा जवळजवळ नऊ. मी खालीच पडून राहिले. वरून वेंडेल विचारत होता, मेलीस का काय?

११ ऑक्टोबर

एल्डनकडे गेले. आकडा सांगितला. त्याने आधी हात पुसले, मग पुन्हा पुसले.

म्हणाला, ते टायर वेंडेलने शेतावरच्या एका लिलावात घेतले होते. कोण्या म्हाताऱ्याच्या कोठीत पडून होते, एकदाही न लावलेले, साच्यातून निघताना रबरावर राहतात ते बारीक केससुद्धा तसेच. इथे लिलावात कोरी वस्तू स्वस्तात मिळाली की माणसाला तिचं वय दिसत नाही. "मी बसवताना सांगितलं होतं त्याला, हे म्हातारे आहेत. तो म्हणाला, आकडा आतल्या बाजूला टाक. डोरीन उगाच काळजी करते."

डोरीन उगाच काळजी करते!

घरी आले. वेंडेल रेडिओ ऐकत होता. मी रेडिओ बंद केला आणि म्हटलं, चौदा अकरा. त्याला लगेच कळलं. पावणेपाच वर्षं माझ्या डोक्यावर खापर फोडलं, लोकांना हसवलं, मी स्टिअरिंगला हात लावायची बंद झाले, आणि हा आकडा आत फिरवून बसला होता. मी हे सगळं बोलून दाखवलं. मोठ्याने. रडलेही, त्याचा मला राग आला.

शेवटी तो एवढंच म्हणाला, "जेवायचं काय आहे?"

तुझं तू बघ, म्हटलं. मी अंडी तळली. एकटीपुरती.

१२ ऑक्टोबर

अबोला.

१५ ऑक्टोबर

आज टायर निवडले. मी. एल्डनने दोन तऱ्हा दाखवल्या. एक आमच्या वजनाला जेमतेम पुरणारी, एक त्यावर चांगली वरचढ. आमच्या चाकांना वरचढाची जास्त हवा सोसेल का, हे आधी विचारलं. सोसेल म्हणाला. मग वरचढच, आणि हवा भरायच्या नळ्या धातूच्या.

त्याने आतून चार आणले. मी खाली वाकून वाचलं. तीन वर्षांपूर्वीचे! म्हणाला, अगं, अजून पुष्कळ वर्षं जातील. मी म्हटलं, गेली पुष्कळ वर्षं. परत ने. दुसऱ्या गावाहून मागवून तीन दिवसांत देतो म्हणाला. थांबेन.

१८ ऑक्टोबर

आले. यंदाचेच, एकतिसाव्या आठवड्यातले. पाच घेतले, जादाच्या चाकालाही. एल्डनला बजावलं, आकडा बाहेर. पाचही. त्याने मान खाली घालून बसवले.

संध्याकाळी वेंडेल काठी टेकत अंगणात गेला. चाकांजवळ वाकून बोटांनी काहीतरी चाचपत होता. मी खिडकीतून बघितलं. हाक मारली नाही.

२४ ऑक्टोबर

जोलीन म्हणते, बाबांना माझ्याकडे ठेव आणि जायचंच तर तू जा. मी म्हटलं, त्याला विचार. त्याने आधीच बॅग भरली होती. उद्या निघणार. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला हिवाळ्यातली सगळी जुनी मंडळी असेल. त्यांतली हेझल दर वर्षी फोनवर त्याच्याकडून ती गोष्ट मागून घेते. या वेळी मीच सांगणार. आकड्यासकट. मनात चारदा म्हणून पाहिली आहे.

२५ ऑक्टोबर

निघालो. पन्नास मैलांवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळले, एल्डनने सांगितलं होतं तसे. वेंडेलने पाना धरला. ताशी साठ मैलांच्या वर गेले नाही. मागून कितीही भोंगे वाजोत!

२९ ऑक्टोबर, क्वार्ट्झसाइट

जागेवर ट्रेलर मागे घेताना एकतीस वर्षं मी मागे उभी राहून हातवारे केले आणि त्याने काचेतून शिव्या घातल्या. आज तो मागे उभा. दिसतं त्याला किती? हात मात्र जोरात हलवत होता. मी आरसे बघून ट्रेलर जागेवर लावला. एका दमात.

२ नोव्हेंबर

आज सगळ्यांचं एकत्र जेवण. हेझल म्हणालीच, वेंडेल, ती टायरची गोष्ट होऊन जाऊ दे. मी ताट खाली ठेवलं आणि उठले. तो माझ्या आधी उठला. टायर माझे होते, म्हातारे होते, मला माहीत होतं, म्हणाला. मग तोच ठरलेला शेवट. "मी ओरडतोय, ब्रेक लाव, ब्रेक लाव. पण बाईने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ट्रेलर आमच्या अंगावर आला असता. हिने नुसतं स्टिअरिंग सरळ धरलं. म्हणून मी इथे आहे."

कोणी हसलं नाही. मी सरळ धरलं म्हणून वाचलो, हे मला ठाऊकच नव्हतं.