ड्रमाशेजारची जागा

सांगली,
१४ नोव्हेंबर १९९७

प्रिय राजरत्न,

सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. पुण्यात थंडी पडली म्हणतोस, इकडे अजून पंखा लागतो. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, तेलाचा हट्ट सोड आणि काठी घे.

आज लिहायचं कारण तू मिळवून दिलेला कॉम्प्युटर. फोनवर सांगता आलं असतं, पण बूथबाहेर माणसं उभी असली की मला नीट सुचत नाही. मशीन सुरू व्हायला फार वेळ घेतं. पूर्वी बटण दाबून टेबल पुसेपर्यंत ते तयार असायचं. आता बटण दाबते, पाणी भरून आणते, कालच्या वजनाच्या चिठ्ठ्या लावून ठेवते, तरी पडद्यावरचे ते ढग हलत नाहीत. ढग गेले की वाळूचं घड्याळ येऊन बसतं. सकाळी सगळ्यात वाईट. दुपारी बंद करून पुन्हा लावलं तर जरा बरं चालतं.

आमचे दिवाणजी गंगाधरपंत म्हणतात, "बाई, खंडेनवमीला सगळ्यांनी त्याला हात जोडले, तुम्ही बाजूला उभ्या राहिलात. रुसलाय तो." मी म्हटलं, "तुम्ही जोडलेत ना, मग तुमच्या हातानं तरी लवकर उठू दे." त्यांनी बटण दाबून पाहिलं. तितकाच वेळ लागला. मग म्हणाले, पौर्णिमा जवळ आलीय.

तू ही जागा पाहिलेली नाहीस, म्हणून सांगते. आमच्या हळदीच्या गिरणीत पॉलिशचा मोठा ड्रम आहे. त्यात हळकुंडं घालून फिरवतात, साल निघते, चकाकी येते. वजनकाटा ड्रमाशेजारीच, म्हणून आमच्या मालकांनी, आप्पासोंनी, कॉम्प्युटरसाठी काचेची खोली तिथेच बांधली. एसी लावला. चपला बाहेर. तासगावचे व्यापारी आले की आप्पासो त्यांना आधी ही खोली दाखवतात. त्यांच्या सौभाग्यवतींनी मशीनला मखमलीचं कव्हर शिवलंय. धूळ बसू नये म्हणून ते चालू असतानाही काढायचं नाही, फक्त पुढची झालर वर करायची, असा हुकूम आहे. काचेपलीकडे तुझे दाजी, मुकादम म्हणून, टोळी घेऊन ड्रमावर असतात. पोती रिकामी करताना सगळं पिवळं धुकं होतं आणि मला ते थोडा वेळ दिसत नाहीत, मग पुन्हा दिसतात.

काय करून पाहू ते सविस्तर लिही. मी एकेक करीन.

दाजींना थोडा खोकला आहे. हवा बदलली की होतोच. बाकी घरी सगळे ठीक.

तुझी,
अक्का


सांगली,
९ डिसेंबर १९९७

प्रिय राजरत्न,

सप्रेम जयभीम.

तू लिहिलंस ते सगळं केलं. सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम काढले. कॅलेंडरचा एक होता, आणि एक मासे पोहणारा, तो आप्पासोंच्या नातवानं घातलेला. तू पाठवलेली व्हायरसची फ्लॉपी फिरवली, काही सापडलं नाही. डिस्क तपासली, मग ते चौकोन सरकवून जागा नीट लावायचं कामही केलं. अर्धा दिवस चौकोन सरकत होते आणि दिवाणजी खुर्ची घेऊन बघत बसले होते. "बाई, हा तर गोदामात थप्पी लावतोय," म्हणाले. अगदी बरोबर म्हणाले.

दोन दिवस फरक पडला. मग पुन्हा तेच, आणि आता आवाज यायला लागला. नखानं टेबल वाजवावं तसा. तुझं दुसरं पत्र त्याच आठवड्यात आलं म्हणून बरं. आवाज आला की वाट बघू नकोस, आधी सगळं फ्लॉप्यांवर उतरवून घे, मग उघड, असं तू लिहिलं होतंस. खाली एक ओळ होती: "जागा बदल. नवीन मशीन आणून तिथंच ठेवलंस तर त्याचंही हेच होणार." ती वाचली आणि पत्र घडी करून ठेवलं.

रविवारी गिरणी बंद असते. दाजी बॅटरी धरायला आले. मखमल काढली, स्क्रू काढले, पत्रा ओढला. राजा, आत हिरव्या पट्ट्या दिसतील असं तू लिहिलं होतंस. मला काहीच दिसलं नाही. सगळं पिवळं. पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा थर, मागच्या जाळीवर बोटभर जाड वडी, आणि तिच्यात खंडेनवमीच्या अक्षतांचे दोन दाणे रुतलेले. धूळ येऊ नये म्हणून आम्ही त्याला जे पांघरलं होतं, त्यानंच त्याचं नाक बंद केलं होतं. एसीही हवा घेतो गोदामातूनच. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

दाजी वाकून बघत म्हणाले, "लय खाल्लं की गं ह्यानं."

मग हसले, आणि हसताना खोकला आला. बॅटरी हलायला लागली. मी वर पाहिलं तर ते पोत्यावर बसले होते, एक हात वर केलेला, थांब म्हणून. मी थांबले. भिंतीवर उजेड नाचत होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "व्हय, आता पूस."

मी पुसलं. ब्रशनं, मग सायकलच्या पंपानं, तू सांगितलंस तसं. जाळीवरची वडी मात्र कागदात बांधून घरी आणली. का, ते माझं मलाही नीट सांगता येत नाही. कॉम्प्युटर आमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली. दाजी त्या ड्रमावर माझ्या लग्नाच्या आधीपासून आहेत. तोंडाला ओलं उपरणं बांधतात, एवढंच.

तू विचारलंस, दाजी सहा डिसेंबरला दादरला आले तर पुण्यात उतरतील का. ते गेले नाहीत. आजवर एकही वर्ष चुकवलेलं नव्हतं. "अवंदा गर्दी लय हाय म्हणत्यात," एवढंच बोलले, आणि घरीच मेणबत्ती लावली.

डॉक्टरांकडे नेलं होतं. छातीचा फोटो काढला. ते पुन्हा कधीतरी लिहीन.

घरी सगळे ठीक.

तुझी,
अक्का


सांगली,
१८ जानेवारी १९९८

प्रिय राजरत्न,

सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहायला बसले आणि उठले.

आधी तुझ्या कामाचं. कॉम्प्युटर माडीवरच्या कचेरीत आलाय. खिडकी रस्त्याकडे, धूळ जवळजवळ नाही, कव्हर काम संपल्यावरच घालायचं. तू पाठवलेली डिस्क बसवली. आता बटण दाबलं की टेबल पुसायच्या आत तयार. दिवाणजी म्हणतात, वर आल्यावर त्याला पोरासारखा तरतरीतपणा आलाय.

आता पुढचं.

मशीन हलवायचं विचारायला मी आप्पासोंकडे गेले, तेव्हा ती वडी बरोबर नेली होती. त्यांनी ती हातात घेऊन वास घेतला. "आयला, ही तर आमचीच हळद. दिवाणजी, ही बी विकायला काढा." सगळे हसले. मग म्हणाले, "न्या वर. एवढं भारी मशीन तिथं ठेवायचं म्हणजे खुळेपणाच झाला."

दिवाणजी बाहेर जाईपर्यंत मी उभी राहिले. मग म्हटलं, "आप्पासो, मुकादमांनाही तिथून काढा."

"का? मुकादम काय बंद पडलाय व्हय?"

मी डॉक्टरांचं सांगितलं. तुला ते अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, ही छाती पहिल्यासारखी होणार नाही, पण आत्ताच्या आत्ता धुळीतून काढलं तर आहे तिथे थांबेल. नाही काढलं तर पुढच्या हिवाळ्याचं ते काही सांगणार नाहीत.

आप्पासो वाईट माणूस नाही. मग म्हणाले, "फाटकावर बसवतो त्याला. गाड्या मोजू दे. पण बाई, पंधरा दिसांत नवी हळद यायला लागंल. ड्रम मोकळा राहायचा न्हाई. आन् ती टोळी परक्याचं ऐकायची न्हाई. तुमच्या घरातलं कोण हाय?"

मला म्हणता आलं असतं, ड्रमाला झाकण करा. धूर काढतात तसा धूळ काढणारा पंखा बसवा. हे सगळं मला घरी येताना, जिना उतरतानाच सुचलं. तिथे उभी असताना एकच गोष्ट डोक्यात होती, की त्यांचं मन बदलायच्या आत उत्तर द्यायचं.

मी म्हटलं, "सोपान आहे."

सोपान तुला आठवत असेल, दाजींचा धाकटा भाऊ. माझ्या लग्नात करवल्यांच्या मध्ये झोपलेला. त्याला मी शाळेत घातलं, दहावीचं गणित मी शिकवलं. सध्या इस्लामपूरला हंगामापुरतं मिळेल ते काम करतो. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला वडूजला माहेरी गेली आहे.

आज तो पेढे घेऊन आला. "वैनी, दादाची जागा मला मिळाली. आप्पासोंनी सोता बोलवून सांगितलं." माझ्या पाया पडला. आमच्यात पाया पडत नाहीत हे त्याला मीच शिकवलंय. तरी पडला.

मग दाजींनी त्याला समोर बसवलं आणि उपरणं कसं बांधायचं ते दाखवलं. "वल्लं करायचं. दोन येढं घालायचं. नाकावरनं सरकू द्यायचं न्हाई."

"दादा, मी काय नवरी हाय व्हय, तोंड झाकून बसायला?"

दाजी हसले. मोठ्यानं, पोटभर हसले, आणि खोकला आला नाही. पंधरा दिवस फाटकावर बसल्याचा एवढा फरक पडलाय. मी पेढ्याची पुडी हातात धरून उभी होते आणि मला आनंद झाला. खरंच झाला. तोही लिहिला पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धंच खरं होईल.

सोपानचं नाव मी सुचवलं हे दोघांनाही माहीत नाही. सोपानला सांगितलं, तर तो हसण्यावारी नेईल. दाजींना सांगितलं, तर उद्या सकाळी ते स्वतः ड्रमावर जाऊन उभे राहतील. याबद्दल माझ्या मनात शंका नाही, म्हणून तोंड उघडत नाही. मी सारखी स्वतःला विचारते आहे, की त्या वेळी मला दुसरं नाव सुचलं नाही, की कुणाचंही नाव सांगितलं तरी तेच झालं असतं हे मला ठाऊक होतं. आप्पासोंकडे पुन्हा जाईन म्हणते, पंख्याचं विचारायला. काल जिन्यापर्यंत गेले. सोपान नको म्हणून दाजींनाच परत लावतील या भीतीनं मागे फिरले.

तुझं नोव्हेंबर संपतानाचं ते पत्र आज काढलं होतं. जागा बदल, एवढंच वाचून मी कामाला लागले. नवीन आणून तिथंच ठेवलंस तर त्याचंही हेच होणार, हे पुढचं वाक्य तू कॉम्प्युटरबद्दल लिहिलं होतंस.

सोपान इथेच झोपलाय, सकाळी लवकर जायचं म्हणून. उपरणं धुऊन दोरीवर घातलंय. काचेची खोली आता रिकामी आहे, त्यामुळे तो मला दिसणार नाही. मी माडीवर असेन.

दर पत्राच्या शेवटी मी घरच्यांची एक ओळ लिहीत आले. आज पहिल्यांदा दाजींपुरती ती खरी आहे. लिहवत नाही.

तुझी,
अक्का